मेणाच्या घरात सापडलेला रेनो

पॅरिसला जायचं ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली होती, 'रोज एक तरी ठिकाण निवांत बघायचं.' म्हणून बुलवार मोंमार्त्रवरच्या म्युझे ग्रेव्हाँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयासाठी आम्ही अख्खी दुपार राखून ठेवली. ग्रां बुलवार मेट्रो स्टेशनातून वर आलं की दोन मिनिटांवर १० नंबरची इमारत.

हे संग्रहालय सुरू झालं ५ जून १८८२ रोजी. कल्पना आर्थर मेयर या पत्रकाराची. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून येत नसत. बातमीत ज्याचं नाव रोज वाचतो तो माणूस दिसतो कसा, हे वाचकाला कळावं म्हणून त्यानं व्यंगचित्रकार आणि शिल्पकार आल्फ्रेड ग्रेव्हाँला हाताशी धरलं. म्हणजे हे मूळचं मेणात घडवलेलं वर्तमानपत्रच! हे कळल्यावर मी पुतळ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. बातमीतून माणूस गेला की बहुतेकदा त्याचा पुतळाही दालनातून जातो.

संगमरवरी जिना चढून आधी आरशांच्या दालनात गेलो. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेलं हे दालन १९०६ मध्ये इथं आलं. आत जेमतेम एका खोलीएवढी जागा. दिवे मालवले, संगीत सुरू झालं आणि भिंतींवरच्या आरशांमुळे खांबांच्या रांगा चारी दिशांना पसरत गेल्या. लहानपणी काचेच्या तुकड्यांचा शोभादर्शक डोळ्याला लावायचो ना, त्याच्या आत उभं राहिल्यासारखं वाटतं. कोपरे फिरतात, देखावा बदलतो. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

नटनट्या, खेळाडू आणि राष्ट्राध्यक्षांच्या दालनांतून आम्ही भराभर निघालो. तिथं फोटोंसाठी झुंबड होती. पाय थबकला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या देखाव्यापाशी. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्देनं मारा या क्रांतिकारक पुढाऱ्याला स्नानाच्या टबात भोसकलं, तो प्रसंग. त्वचेच्या आजारामुळे मारा तासन् तास पाण्यात बसून लिखाण करायचा. पुतळे मेणाचे आहेत, पण तांब्याचा, बुटासारख्या आकाराचा तो टब माराचाच, असं संग्रहालय सांगतं. फ्रान्समधल्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका पाद्र्याकडून त्यांनी तो ५,००० फ्रँकला विकत घेतला होता. मी बराच वेळ तिथून हलले नाही. मेणाचा चेहरा कितीही हुबेहूब असला तरी नजर पुन्हा पुन्हा त्या तांब्याकडेच जात होती.

पुतळे कसे घडतात तेही एका ठिकाणी दाखवलंय. आधी मातीत डोकं घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात वितळलेलं मेण ओतायचं. मग काचेचे डोळे बसवायचे. केस मात्र सुईनं एकेक करून खोवायचे. जवळून पाहिलं तर कपाळावरच्या केसांची मुळं खरोखर वेगवेगळी दिसतात. शिवणकामात आयुष्य घालवलेली आई तिथं वाकून बघत म्हणाली, 'अगं, हे काम डोळे खाणारं आहे.'

पण या इमारतीत मला सगळ्यांत मोलाचं जे वाटलं, ते मेणाचं नाहीच. २८ ऑक्टोबर १८९२ पासून एमिल रेनो इथं पडद्यावर हलती चित्रं दाखवायचा. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला सिनेमाचा तो प्रसिद्ध खेळ झाला २८ डिसेंबर १८९५ ला, म्हणजे तीन वर्षांनंतर. सुरुवातीला रेनोकडे कॅमेरा नव्हता. प्रत्येक चित्र तो हातानं रंगवायचा, चित्रांची लांब पट्टी करायचा आणि खेळाच्या वेळी स्वतः ती पुढे-मागे फिरवायचा. सोबतीला पियानो. १९०० पर्यंत पाच लाखांवर लोकांनी ते खेळ पाहिले. पुढे सिनेमापुढे त्याचं काही चालेना, आणि आपल्या बहुतेक पट्ट्या त्यानं सेन नदीत फेकून दिल्या.

हे वाचून दाखवत होते तेव्हा आईनं एकदम विचारलं, 'म्हणजे आपली शांबरिक खरोलिकाच की?' तिचं माहेर कल्याणचं. त्याच दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलती करून दाखवत होते. लहानपणी ऐकलेलं ते नाव तिला इतक्या लांब येऊन आठवलं. मग जिन्याच्या कठड्याशी उभी राहून तिनं मला आजोबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

बाहेर पडायची वाट पासाज झुफ्रुआ या काचेच्या छताच्या जुन्या गल्लीत निघते. तिथून पायीच बुलवार दे कापुसिनपर्यंत गेलो. १४ नंबरच्या भिंतीवर ल्युमिएरांच्या खेळाचा फलक आहे. आईनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि परतताना विचारलं, 'जाताना सेनवरून जाऊया का? रेनोची नदी बघायचीय.'