परवान्याचं पुस्तक कुणाच्या हातात?

गडचिरोलीच्या बांबूचा आणि तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानाचा, विषय निघाला की लोक भाव विचारतात. माझा पहिला प्रश्न असतो, वाहतूक परवाना कोण देतं? परवान्याशिवाय माल गावाबाहेर निघत नाही, आणि अडकलेल्या मालाला भाव कसला?

2006 च्या वनहक्क कायद्यात बांबूचा गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परवान्याचं पुस्तक मात्र वनखात्याकडेच राहिलं, कारण जुन्या वन कायद्याच्या हिशेबात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं. गावचे पुढारी देवाजी तोफा, गावाची ग्रामसभा आणि 'वृक्षमित्र' या स्वयंसेवी संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी हा एकच मुद्दा लावून धरला. गावाच्या अभ्यासगटांत कायदा समजून घेतलेला होता, म्हणून मागणी नेमकी होती. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेला दिलं. पुढच्याच वर्षी केंद्राच्या सुधारित नियमांत आलं की परवाना ग्रामसभेची समिती देईल. स्वयंसेवी संस्थेचा धोरणावरचा असा परिणाम मला परिषदा-अहवालांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

तेंदूचं गणित जास्त अवघड. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. तोडणी मे महिन्यात, जेमतेम दोन-तीन आठवडे. पण चांगलं पान हवं तर त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, व्हायला हवी, म्हणजे लिलाव त्याच्याही आधी. तो लांबला की खुटकटाई राहते, पान जाड येतं आणि ठेकेदार भाव पाडतो. एकट्या गावाच्या थोड्या गोण्यांसाठी मोठा ठेकेदार फिरकतही नाही, म्हणून अनेक ग्रामसभांनी एकत्र निविदा काढावी. संस्थांची खरी मदत इथे लागते: जाहिरात, करारनामा, फळीवरची (पानं गोळा करण्याच्या केंद्रावरची) रोजची नोंद, बँक खातं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती चढ्या बोलीत. ठेकेदार मोठा आकडा बोलतो, थोडी अनामत भरतो, माल उचलतो आणि बाकी थकवतो. उपाय करारातच हवा: हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय तेवढ्या गोण्यांचा परवाना फाडायचा नाही. 'ट्रक उभा आहे, पैसे उद्या देतो' म्हटलं तरी नाही.