आमची वाटचाल : बॅटरीच्या पाण्यापासून आयनिक लिक्विडपर्यंत

हिंगणघाट तालुक्यात, जिनिंगच्या एका जुन्या गोदामात आमचं काम चालतं. कारखाना म्हणावं असं काही नाही. टिनाचं शेड, आत दोन पक्क्या खोल्या, एक फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर ओढणारं कपाट) आणि दारात पाण्याच्या टाक्या. सुरुवात ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायच्या पाण्यापासून झाली. बोअरचं खारं पाणी क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून काढायचं, कॅन भरायचे आणि आजूबाजूच्या बाजाराच्या गावांत बॅटरीवाल्यांकडे पोचवायचे. त्यात घर चालायचं, पण धंदा तिथल्या तिथेच राहायचा.

नागपूरला एमएस्सी करताना विद्युतरसायन हा माझा विषय होता. पुढे आमच्या सरांनीच डोक्यात किडा सोडला. ‘तुझ्याकडे शुद्ध पाणी आहे, आता एक चांगला व्हॅक्यूम पंप घे आणि आम्हाला आयनिक लिक्विड करून दे. बाहेरून मागवलं की अर्धी ग्रँट त्यातच जाते.’

आयनिक लिक्विड म्हणजे मीठच, पण नेहमीच्या खोलीत पातळ राहणारं. खायचं मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. इथे आयन, म्हणजे मिठातले विद्युतभारित कण, मोठे आणि वेडेवाकडे असतात, त्यांची घट्ट रचना बसत नाही, म्हणून ते गोठत नाहीत. पॉल वाल्डेन यांनी 1914 सालीच असं एक मीठ नोंदवलं होतं. हवा आणि पाण्याला टिकणारी इमिडॅझोलियम मिठं मात्र 1992 नंतर पुढे आली आणि मग प्रयोगशाळांचं लक्ष तिकडे वळलं.

विद्युतरसायनवाल्यांना यात काय दिसतं? पाण्याला 1.23 व्होल्टच्या पुढे ताणलं की ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटायला लागतं. चांगलं आयनिक लिक्विड चार व्होल्टच्या पलीकडे तग धरतं. पाण्यातून ॲल्युमिनियमचा मुलामा बसत नाही, कारण त्याआधी हायड्रोजनच सुटतो. अशा द्रवातून तो बसवता येतो. वेगळं मीठ घालावं लागत नाही, कारण द्रव स्वतःच मीठ आहे. आणि सेल, म्हणजे प्रयोगाचं भांडं, उघडा ठेवला तरी द्रव उडून जात नाही.

पण द्रवात पाणी शिरलं की हे सगळे गुण मातीत. त्यामुळे गिऱ्हाईक आमच्याकडून खरं तर कोरडेपणा विकत घेतं, असं मी मानतो.

आमचा मुख्य माल ईमिम-टीएफएसआय, वर सांगितलेल्या इमिडॅझोलियम मिठांपैकीच एक. मिथाइलइमिडॅझोलवर ब्रोमोइथेन घालून आधी ब्रोमाइड करायचं, मग ते पाण्यात विरघळवून लिथियम टीएफएसआय टाकायचं. तेलासारखा जड थर खाली बसतो. तो आमच्याच शुद्ध पाण्यानं धूत राहायचं, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा यायचा थांबेपर्यंत. ब्रोमाइड मागे राहिलं तर गिऱ्हाइकाच्या मोजणीच्या आलेखात भलतेच उंचवटे येतात आणि शिव्या आम्हाला बसतात. बॅटरीच्या पाण्याचा प्लांट मी मोडला नाही, तो यासाठी.

आता आमच्या हवेचं. ब्रोमोइथेन 38 अंशांना उकळतं आणि आमच्याकडे वैशाखात पारा 45 च्या घरात असतो. बाटलीचं झाकण काढलं की निम्मा माल हवेत! म्हणून ती रिॲक्शन आम्ही दिवाळीनंतरच लावतो. वाळवायला मात्र उन्हाळ्यासारखा काळ नाही, हवा अगदी कोरडी. अट एकच, भरणीच्या खोलीत कूलर लावायचा नाही. कूलर खोलीत ओली हवा ढकलतो आणि आमचा द्रव ती पिऊन घेतो. त्यामुळे मे महिन्यात पोरं पहाटेच येतात, ऊन तापायच्या आत बाटल्या आर्गन या निष्क्रिय वायूखाली सीलबंद करतात आणि मला शिव्या देत घरी जातात. पावसाळ्यात भरणी जवळजवळ बंदच. व्हॅक्यूमखाली 70 ते 80 अंशांवर रात्रभर माल ठेवायचा, आणि वीज गेली की पंप थांबून ओली हवा उलटी आत शिरायची, म्हणून पंप इन्व्हर्टरवर आहे. त्याच्या बॅटरीत पाणी आमचंच. सकाळी कार्ल फिशर टायट्रेटरवर पाण्याचं मोजमाप बायको करते. आकडा तिला पटला नाही तर बाटली परत पंपावर, मग ऑर्डर कुणाचीही असो.

दुसरा माल स्वस्तातला : कोलीन क्लोराइड आणि युरिया, एकास दोन रेणू. एक 302 अंशांना वितळतं, दुसरा 133 ला, आणि एकत्र केले की मिश्रण 12 अंशांपर्यंत पातळ राहतं. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे दाखवलं. यातला युरिया मीठ नव्हे, म्हणून याला अस्सल आयनिक लिक्विड म्हणू नये, हे मलाही मान्य आहे. तरी तांबं, जस्त यांच्या मुलाम्याच्या प्रयोगांना ते चालतं. एकदा थंडीत एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘भाऊ, माल दगड झाला.’ आमच्याकडे पौषात रात्रीचा पारा बाराच्या खाली जातोच. बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगितली.

कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात आणि युरिया तर घरोघरी आहे. त्यामुळे गावात विचारतात, ‘कृषी केंद्रात 45 किलोचं पोतं 266 रुपयांत भेटते, तुम्ही कायले बाहेरून बोलावता बाप्पा?’ एकतर तो अनुदानाचा युरिया, शेताखेरीज वापरणं गुन्हा. शिवाय त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप, तो इलेक्ट्रोडवर काय करेल कोण जाणे.

या द्रवांना ‘हरित’ म्हणून खपवायची पद्धत आहे. आम्ही लेबलवर तो शब्द छापत नाही. वाफ होत नाही हे खरं, पण सांडपाण्यात गेलं तर काही मिठं विषारी ठरतात, आणि पीएफ-सिक्सवाली (हेक्साफ्लोरोफॉस्फेटची) तर ओलाव्यानं हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात. ती आम्ही करतच नाही. चिकटपणाबद्दलही आधीच सांगतो : ईमिम-टीएफएसआय 25 अंशांना पाण्याच्या पस्तीसेक पट घट्ट आहे, त्यात आयन सावकाश सरकतात आणि विद्युतप्रवाह कमी मिळतो. नव्या संशोधकाला वाटतं, माल खराब. त्याला आम्ही सेल थोडा गरम करायला आणि चांदीच्या तारेच्या जोडीला फेरोसीन (तुलनेसाठी वापरतात ते लोखंडाचं संयुग) घालून विभव, म्हणजे व्होल्टेज, तपासायला सांगतो.

सध्या 10 आणि 50 मिलिलिटरच्या बाटल्या जातात, प्रत्येकीवर पाण्याचा पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आकडा आणि मोजल्याची तारीख असते. ॲल्युमिनियम क्लोराइडवाल्या द्रवाची विचारणा वारंवार येते. त्याला ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे बाहेरची हवा न लागता हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी, हवा. बँकेत कर्जाची फाइल दिली आहे. मॅनेजरसाहेब एकदा शेड बघून गेलेत, बॅटरीच्या पाण्याचा धंदा त्यांना लगेच समजला.