एका रकान्यात अडकलेलं १५ कोपेकचं नाणं

सेंट पीटर्सबर्गला मेडिकल संपलं. परतीच्या सामानात सगळ्यात जपून न्यायचं होतं ते १९१६ सालचं १५ कोपेकचं नाणं. आपल्या रुपयाहून जरा लहान, २.७ ग्रॅमचं, निम्मी चांदी. शंभर वर्षांहून जुनं, म्हणून देशाबाहेर न्यायला तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा. फोटो, पासपोर्टचं रशियन भाषांतर, फी, सगळं दोन दिवसांत झालं.

अडलं ते एकाच रकान्यात: टांकसाळ. मी लिहिलं, ओसाका. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "नाणं रशियन आहे, पेत्रोग्राद लिहा." पेत्रोग्राद म्हणजे सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव. दुसऱ्या खेपेला साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या खेपेला तोच अर्ज, तेच वाक्य. रूममेट म्हणाला, लिही पेत्रोग्राद आणि सुट. पण हात धजेना.

१९१४ ला महायुद्ध पेटलं तशी लोकांनी चांदी दडवली, बाजारात सुटे मिळेनात. १९१५ मध्ये सरकारने जाड कागदावर टपाल तिकिटं छापून तीच चिल्लर म्हणून चालवली. मागे छापलेलं, चांदीच्या सुट्या नाण्यांच्या बरोबरीने चालेल. पुढच्या वर्षी १० आणि १५ कोपेकची नाणी थेट जपानमध्ये, ओसाकाच्या टांकसाळीत पाडून घेतली. १९०५ मध्ये ज्यांच्याकडून हार खाल्ली, ते जपानी आता दोस्तांच्या बाजूला होते. हे सगळं 'ओसाका' या एका शब्दात आहे, तो खोडायचा कसा?

चौथ्या खेपेला भिंग घेतलं आणि ओळखीच्या संग्राहकाकडून १९१५ चं १५ कोपेक उसनं नेलं. दोन्ही शेजारी ठेवली. पेत्रोग्रादच्या नाण्यावर दुमुखी गरुडाखाली टांकसाळीच्या अधिकाऱ्याची दोन आद्याक्षरं असतात. माझ्या नाण्यावर ती जागा कोरी. बाईंनी बराच वेळ पाहिलं, मग आतून तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी नाणं कडेला धरून फिरवलं आणि रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: ओसाका. सतरा दिवस गेले होते. जिना उतरताना मला रडू आलं.

हो, नाणं घासूनपुसून नेऊ नका. मी टूथपेस्ट लावायच्या बेतात होतो, संग्राहकाने वेळीच हात धरला. विमानाचं तिकीट अहवाल हाती आल्यावरच काढा. माझे तारीख बदलण्यात पैसे गेले. विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गिकेतून जा, कागद नाण्यासोबत हातातल्या पिशवीत ठेवा.

आता ते नाशिकला आईच्या कपाटात आहे, अहवालाच्या घडीत.