‘किमान’ या एका शब्दासाठी टाकलेलं ऑब्जेक्शन

भरती परीक्षेच्या आन्सर कीवर, म्हणजे जाहीर झालेल्या उत्तरांच्या यादीवर, ऑब्जेक्शन (हरकत) कसं टाकायचं, हे गेल्या महिन्यात अभ्यासिकेतल्या चौघांनी मला विचारलं. एकदाच लिहून टाकतो. लॉगिन, ओटीपी, पेमेंट यांत सांगण्यासारखं काही नाही. माझे तीन दिवस गेले ते एका ड्रॉपडाउनपायी.

प्रश्न असा होता: ‘एका कुटुंबात दोन मुले आहेत. त्यांपैकी एक मुलगा आहे. तर दुसराही मुलगा असण्याची संभाव्यता किती?’ पर्याय 1/4, 1/3, 1/2, 2/3. मी 1/2 चा गोल काळा केला. पहिली की आली, त्यात 1/3. प्रश्न दोन मार्कांचा, निगेटिव्ह अर्ध्या मार्काचं.

आधी वाटलं, आपलंच चुकलं. मग कागदावर मांडून बघितलं. मोठा-धाकटा असे चार प्रकार होतात: मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी. ‘किमान एक मुलगा आहे’ म्हटलं तर शेवटचा प्रकार बाद, उरले तीन, उत्तर 1/3. ‘मोठा मुलगा आहे’ म्हटलं तर दोनच उरतात, उत्तर 1/2. ‘एकच मुलगा आहे’ असा अर्थ घेतला तर दुसरी मुलगीच, उत्तर शून्य. आणि आपल्या मराठीत ‘दोन मुले’ म्हणजे दोन मुलगे असंही कुणी वाचू शकतो, मग उत्तर 1. (हा शेवटचा मुद्दा मी ऑब्जेक्शनमध्ये घातला नाही. भरतीच्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रात ‘मुले’ मोजताना मुली वगळून चालत नाही, मग इथे कसं चालेल?)

हा घोळ जुना आहे. 1959 साली गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या सदरात हेच कोडं घातलं होतं, तेही ‘किमान’ लिहून, आणि उत्तर 1/3 दिलं होतं. नंतर त्यांनीच मान्य केलं, की मुलगा असल्याची माहिती कशी मिळाली हे सांगितल्याशिवाय प्रश्न संदिग्धच राहतो. आमच्या पेपरात तर ‘किमान’सुद्धा नव्हतं.

म्हणजे माझं म्हणणं ‘1/3 चूक, 1/2 बरोबर’ असं नव्हतंच. प्रश्न अपुरा आहे, तो रद्द करा, एवढंच म्हणायचं होतं. आणि नेमकं तेच म्हणायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. ‘सुचवलेले उत्तर’ या ड्रॉपडाउनमध्ये फक्त पर्याय क्रमांक 1, 2, 3, 4. रिकामं सोडलं की लाल अक्षरं. ‘यांपैकी नाही’ नाही, ‘प्रश्न रद्द’ नाही. हेल्पलाइनला पहिल्या दिवशी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला.

‘मॅडम, मला कुठलाच पर्याय सुचवायचा नाहीये.’

‘सर, मग ऑब्जेक्शन कशावर आहे?’

‘प्रश्नावर.’

‘सर, प्रश्नावर घेत नाही, उत्तरावर घेतो. एक पर्याय निवडा आणि पुढे जा.’

त्यांचा काय दोष म्हणा, त्यांच्या स्क्रीनवरही तोच फॉर्म असणार. पण त्या रात्री अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा 1982 चा किस्सा आठवून चडफडलो. लहान वर्तुळ तिप्पट त्रिज्येच्या वर्तुळाभोवती कडेकडेने, न घसरता गडगडत फिरताना स्वतःभोवती किती फेरे घेईल, असा प्रश्न होता. बहुतेकांना 3 वाटतं, उत्तर 4, आणि 4 पर्यायांतच नव्हता. त्यातही ‘फेरा’ कशाला म्हणायचं यावरून वेगळी उत्तरं निघतात. तीन विद्यार्थ्यांनी कळवलं, आणि सुमारे 3 लाख जणांच्या पेपरांतून तो प्रश्न काढला गेला. त्यांना पत्र लिहिता आलं. त्यांना कुणी ‘सुचवलेले उत्तर’ विचारलं असतं तर?

हां, एक राहिलं. प्रश्नपत्रिकेच्या अ, ब, क, ड संचांत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, म्हणून प्रश्नक्रमांक तुमच्या संचाचा टाकायचा की अ संचाचा, हे सूचनेत नीट वाचा. आमच्या इथे अ संचाचा हवा असताना एकाने आपल्या क संचाचा नंबर टाकला, 100 रुपये भरले आणि भलत्याच प्रश्नावर हरकत घेऊन बसला.

शेवटी तिसऱ्या दिवशी पर्याय 3 निवडला आणि खरं काय ते स्पष्टीकरणाच्या चौकटीत लिहायचं ठरवलं. मर्यादा 100 अक्षरांची. मी बोटाने मोजून बसवलं होतं, तरी फॉर्म घेईना. मग कळलं, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूण हे सगळं तो वेगळं मोजतो. ‘कि’ म्हणजे दोन, ‘क्ष’ म्हणजे तीन. ‘संदिग्ध’ काढून ‘अपुरा’ घातलं, ‘त्यामुळे’ उडवलं, असं करत करत एवढं उरलं: ‘किमान एक की मोठा एक, हे दिलेले नाही. अर्थानुसार उत्तर 1/3 वा 1/2. प्रश्न अपुरा. रद्द करावा.’ चारही प्रकारांचा तक्ता आणि संभाव्यतेच्या पुस्तकातलं पान पीडीएफमध्ये जोडलं. पीडीएफचा साइज आधीच कमी करून ठेवा, शेवटच्या तासात साइट रडते. आणि पावती डाउनलोड केल्याशिवाय लॉगआउट होऊ नका.

दोन महिन्यांनी फायनल की आली. त्या क्रमांकापुढे ‘रद्द’. अभ्यासिकेच्या जिन्यात उभा राहून मी ते तीनदा वाचलं. मला मिळाला गेलेला अर्धा मार्क. पण खोटं कशाला बोलू, तो शब्द बघून जे वाटलं ते मार्कासाठी नव्हतं.

माझ्या रूममेटने 1/3 ला गोल केला होता. त्याचे मिळालेले दोन गेले. पहिले दोन दिवस तो बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर ती पावती उघडून म्हणाला, ‘म्हणे प्रश्न अपुरा होता! इथे तर तू सरळ 1/2 मागितलायस.’ फॉर्मच तसा आहे, हे मी त्याला अजून पटवतोय. पावतीवर स्पष्टीकरण छापून येत नाही. येतं फक्त ‘सुचवलेले उत्तर : 3’.