आमची वाटचाल: दगड, चुना आणि शेजारचे

वांद्र्याला आमचं छोटं मेक्सिकन फाइन डाइन आहे, २८ कव्हर्स, म्हणजे २८ जणांची बसायची सोय. टॉर्टिया (मक्याच्या पातळ पोळ्या) पहिल्यापासून आमच्याच, पाकिटातलं पीठ भिजवून नाही, मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच मुरवायचा, सकाळी सालं चोळून धुवायचा आणि मोलिनोवर (दगडी गिरणीवर) दळायचा. चुना मक्याच्या १ टक्क्याच्या आसपास, तोही फूड ग्रेड, पानवाल्याकडचा नाही!! मका दाहोदकडचा पांढरा, कारण बाजारातला पिवळा म्हणजे कोंबडीखाद्य.

गिरणीचा दगड बोथट झाला की ‘मासा’ (दळलेल्या ओल्या मक्याचं पीठ) गरम होतो आणि टॉर्टिया कोमालवर, म्हणजे तव्यावर, फुगतच नाही. मशीनवाला म्हणाला नवीन जोडी इम्पोर्ट करा. तेव्हा आमचे काका (नेहमीचे गिऱ्हाईक, रिटायर्ड केमिस्ट, दर गुरुवारी एकटे, बारजवळचं टेबल) गावाकडून पाथरवट घेऊन आले आणि टाकी लावून घेतली. मेक्सिकोतला दगड बेसाल्ट, सह्याद्रीही बेसाल्टच, त्याला काय नवीन.

मग मार्च २०२०. पार्टनर त्याच महिन्यात बाहेर पडला. ५ ऑक्टोबरला निम्म्या कपॅसिटीवर उघडलं, एप्रिल २०२१ मध्ये परत शटर खाली, भाडं मात्र डिपॉझिटमधून कापलं जातंच होतं. काकांनी त्यांच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर आमच्या टॉर्टिया-साल्साची पाकिटं खपवली, त्यावर पगार निघाले.

नंतरची वर्षं बरी गेली.

आता शेजारी, म्हणजे बाजूला उघडलेलं रेस्टॉरंट. आमचाच सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) फोडला, आमचीच प्लेटिंग. मेक्सिको सिटीच्या पुहोल रेस्टॉरंटमध्ये शेफ एन्रिके ओल्वेरा जुनं मोले (सुक्या मिरच्यांचा घट्ट सॉस) रोज गरम करत, त्यात भर घालत वर्षानुवर्षं जपतो आणि मधोमध ताज्या मोलेचा ठिपका देतो, हे लाइनमधल्या सगळ्यांना माहितीय. या शेजाऱ्यांनी दिवाळीत उद्घाटन केलं आणि नाताळच्या मेन्यूवर ‘हजार दिवसांचं मोले’! हिशोब तुम्हीच करा. रीलवाल्यांनी केला नाही. आमचं मोले तीन दिवसांचं, तसंच लिहितो, आंचो-पासिया-मुलातो या मेक्सिकन सुक्या मिरच्यांचे भाव बघता तेही परवडत नाही.

नवीन लोकांना सांगतो, इंटिरियरच्या आधी एक्झॉस्टवर पैसे घाला, सुक्या मिरच्या भाजताना अख्खं डायनिंग खोकतं. आणि मिरची जरा जरी काळी पडली तर फेकून द्या, कडवटपणा चॉकलेटने झाकत नाही.

परवा शेजारचा माणूस पाथरवटाचा नंबर मागायला आला होता. नवीन जोडी इम्पोर्ट करा म्हटलं.