मोटर बदलली, दोष रुळात होता

"मोटर गेलीय." दुकानदाराने खेळण्यातली रेसची गाडी हातात न घेताच सांगितलं आणि मी नवी मोटर मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. बसवली, तरी गाडी त्याच वळणावर दम सोडायची. आजही आठवलं की डोकं तापतं.

इंग्लंडमध्ये स्केलेक्स्ट्रिक, म्हणजे खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूचे रूळ असलेल्या ट्रॅकवर विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा सेट, १९५७ पासून मिळतं, त्यामुळे जुने सेट घरोघरी माळ्यावर पडलेले असतात. तिथल्या रीडिंग गावात आम्ही लेकीसाठी त्यातलाच एक घेतला. ट्रॅक तासाभरात जोडून झाला. पॉवर येते त्या बाजूला गाडी सुसाट, पार पलीकडच्या टोकाला रडतखडत, आणि इकडे आली की पुन्हा सुसाट. मोटर बिघडली असती तर सगळीकडेच रडली असती. रोज हेच विकणाऱ्या माणसाने एवढं तरी विचारायला हवं होतं.

रुळांना मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर पलीकडेही जवळपास १२ व्होल्ट! इथे माझे दोन रविवार गेले. ट्रॅकवर गाडी नसेल तर करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग लेकीला हातातल्या कंट्रोलरचा, म्हणजे वेग कमीजास्त करायचा, ट्रिगर दाबायला सांगितला, गाडी हाताने किंचित अडवून धरली आणि मोजलं. साडेसात! बाकीचे व्होल्ट सांध्यांत जिरत होते. ट्रॅकचा प्रत्येक तुकडा पुढच्याला पत्र्याच्या इवल्याशा जिभेने टेकतो. आमच्या जिभांवर तपकिरी गंज होता, काही सैलही पडल्या होत्या. एक सांधा थोडंच खातो, पण आमच्याकडे असे वीस सांधे होते.

गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, जिभा पकडीने हलकेच आवळल्या. शिवाय पॉवरच्या तुकड्यापासून पलीकडच्या तुकड्यापर्यंत खालून वायरी नेऊन सोल्डर केल्या. दोन लेन, एका लेनला दोन, म्हणजे एकूण चार. सोल्डर करण्याआधी रुळावर बोट ठेवून पूर्ण फेरी मारा. डावीकडची वायर डावीकडच्याच रुळाला गेली पाहिजे, नाहीतर शॉर्ट होतं. आता पलीकडे अकरा व्होल्ट मिळतात.

हो, मीटर काढण्याआधी गाडीखालच्या तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या बघा. त्यांत केस अडकतात. पट्ट्या विंचरून टोकं जरा पसरवली की रुळाला नीट टेकतात. पट्ट्या जास्त खाली वाकवल्या तर मात्र गाडीचं नाक उचललं जातं आणि ती खाचेतून निसटते.

मागच्या टायरखाली पॉलिश पेपर धरून चाकं फिरवली, टायर गोल झाले आणि वळणावरचं उड्या मारणं थांबलं. गाडीच्या पोटातलं चुंबक त्यानंतरच काढलं. चुंबक गाडी रुळांना धरून ठेवतं खरं, पण मोटरवरचा भारही वाढवतं. ते काढल्यावर ट्रिगर किती सोडायचा हे बोटाला शिकावं लागतं. लेकीला ते आठवड्यात जमलं. परवा तिने सलग दहा फेऱ्या न घसरता मारल्या.

गाडीत जुनीच मोटर परत बसवली आहे.