लाकडी बैलाचं चित्र रंगवायला कोणते मार्कर घ्यावेत

अल्कोहोल मार्कर घ्यायला निघालं की डब्यावरचा पेनांचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. ४८, ८०, १६८. माझ्या भाचीनंही फोनवर पहिला प्रश्न तोच केला, "मावशी, ऐंशीचा घेऊ का मोठावाला घेऊ?" मी म्हटलं, आकडा राहू दे, तू रंगवणार काय आहेस ते सांग. तिला तान्ह्या पोळ्यासाठी बोजाऱ्याची पाकिटं करायची होती. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं नटूनथटून चाकांचे लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि घरचे त्यांच्या हातावर जे पैसे, खाऊ ठेवतात तो बोजारा. तिच्याकडे बैलाचा एक छान रबर स्टॅम्प आहे. तो उमटवायचा, रंगवायचा, कापून पाकिटावर चिकटवायचा, असा बेत.

आता नीट बघा, या बैलाला रंग किती लागतात. अंग पांढरं, म्हणजे कागदच ठेवायचा. पण पोटाखाली, गळ्याच्या पोळीखाली आणि वशिंडाच्या मागे सावली नसली तर बैल कागदासारखाच सपाट दिसतो. त्यासाठी उबदार करड्याच्या तीन छटा हव्यात. झुलीला लाल, तोही फिका, मधला, गडद. लाकडी चाकांना तपकिरी. शिंगांना, माळेला एखादा पिवळा. डझनभर पेनांत बैल उभा राहतो, फक्त ते डझन एकमेकांच्या नात्यातले हवेत. मोठ्या स्वस्त संचांत झगझगीत गुलाबी, पोपटी, जांभळे भरपूर असतात आणि उबदार करडे कधीकधी मोजकेच, तेही एकमेकांपासून इतके लांब की मधली पायरीच नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: पेनं तीन-तीनच्या गटांनी घ्या.

हे तीन काम कसे करतात ते कळलं की निवड सोपी होते. या मार्करमध्ये रंग अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. कागदावर फिका रंग ओला असतानाच शेजारी गडद लावला आणि सांध्यावरून पुन्हा फिका फिरवला, की नवं अल्कोहोल आधीचा रंग परत विरघळवतं आणि दोघांमधली रेघ नाहीशी होते. पाण्याच्या स्केचपेननं हेच करायला गेलं तर कागदाचे तंतू उखडतात. पण दोन छटांत अंतर फार असेल तर कितीही घोळवा, पट्टा दिसतोच.

कॉपिक या जपानी ब्रँडच्या पेनांवरचे क्रमांक इथे फार कामाला येतात. अक्षर म्हणजे रंगाचं घराणं: 'ई' म्हणजे मातकट, तपकिरी रंग, 'आर' लाल, 'डब्ल्यू' उबदार करडे, 'सी' थंड करडे. पहिला अंक रंग किती चोख ते सांगतो. शून्याकडे चोख, नऊकडे करडेपणा जास्त. शेवटचा अंक फिकं-गडद सांगतो. म्हणजे अक्षर तेच, पहिला अंक तोच आणि शेवटच्या अंकात दोन-तीनचं अंतर, असे तीन पेन उचलले की ते आपसांत मिसळणारच. करड्यांना अंक एकच, फिकं-गडद सांगणारा, म्हणून बैलाच्या सावलीला डब्ल्यू१, डब्ल्यू३, डब्ल्यू५. झुलीला आर२४, आर२७, आर२९. तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंपनीचे घेतले तरी ही नजर उपयोगी पडते.

चेहऱ्यांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. बाजारात 'स्किन टोन' म्हणून जे छोटे संच मिळतात, त्यांत बरेचदा गुलाबीसर फिके रंगच जास्त असतात. त्यांनी रंगवलेलं पोर आपल्या गल्लीतलं वाटत नाही. बैलाची दोरी धरून उभा असलेला मुलगा रंगवायचा तर ई१३, ई१५, ई१७ घ्या. जरा पिवळसर छटा हवी तर ई३३, ई३५, ई३७. पहिल्या खरेदीत हा एक गट हवाच, असं मी प्रत्येकीला सांगते. आपली मुलं आपल्या रंगात दिसली पाहिजेत.

टोकाचं म्हणाल तर ब्रश निब घ्या. स्वस्त पेनांना एका बाजूला तिरकं चपटं आणि दुसऱ्या बाजूला गोळीसारखं कडक टोक असतं. मोठी जागा भरायला ते ठीक आहे, पण बैलाच्या कानात किंवा झुलीच्या झालरीत रंग हलकेच ओढून सोडायचा असेल तर लवचीक ब्रशच लागतो. कॉपिकमध्ये स्केच आणि सियाओ या दोन्ही प्रकारांना तो आहे, शाई तीच आहे. सियाओत शाई कमी मावते आणि रंग १८० आहेत, स्केचमध्ये ३५८. कार्डं करणाऱ्या माणसाला सियाओ पुरतो. दोन्हींत शाई पुन्हा भरता येते, निब बदलता येते, आणि म्हणूनच किंमत जास्त असूनही सारखे लागणारे करडे आणि त्वचेचे रंग मी त्यांचेच घेते. वर्षातून क्वचित लागणारा जांभळा मात्र ओहुहू किंवा आपल्याकडच्या ब्रुस्ट्रो कंपनीचा असला तरी काही बिघडत नाही. सगळ्यांत अल्कोहोलच असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे पेन एकमेकांत मिसळतात. फक्त टोपणाच्या रंगावर विश्वास ठेवू नका. ज्या कागदावर काम करणार, त्याच कागदावर प्रत्येक पेनाचा चौकोन रंगवून, वाळवून, क्रमांक लिहून ठेवा.

आता स्टॅम्पच्या शाईचं. पेन उत्तम असले तरी शाई चुकीची असेल तर काळी रेघ रंगात ओढली जाऊन पांढरा बैल मळकट होतो. स्टेझऑन ही काच, प्लास्टिक यांवर टिकणारी सॉल्व्हेंटची शाई, अल्कोहोल लागलं की फाकते. व्हर्साफाइनची रेघ अतिशय रेखीव, पण ती तेलकट पिगमेंट शाई, मार्करखाली पसरते. मेमेंटो शाईचा टक्सिडो ब्लॅक हा काळा रंग या कामासाठी बरोबर आहे. उमटवल्यावर थोडा वेळ नीट वाळू द्यायचा, मग रंगवायचं. स्टॅम्प नसेल तर आणखी एक सोय आहे. कॉपिक १९८७ साली जपानात आलं तेच झेरॉक्सचा टोनर न विरघळवणारी शाई म्हणून. त्यामुळे रेखाचित्राची कार्डावर झेरॉक्स काढूनही रंगवता येतं. जाड कार्ड मशीन घेतं का, एवढं दुकानात विचारा, आणि दुसऱ्या कंपनीचे पेन असतील तर आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून बघा.

कागद गुळगुळीत, घट्ट आणि बिनचकाकीचा हवा. चकचकीत कार्डावर शाई वरच तरंगते, जलरंगाचा खरबरीत कागद पेन पिऊन टाकतो आणि निबही झिजवतो. परदेशी कार्डमेकर नीना सोलर व्हाइट नावाचं कार्ड वापरतात, ८० पाउंडाचं म्हणजे सुमारे २१६ जीएसएम वजनाचं. इथे नागपुरात मी गांधीबागेच्या बाजारात कागदाच्या दुकानात गेले की पेन बरोबर नेते आणि नमुन्याच्या तुकड्यावर एक ठिपका देऊन बघते. ठिपका गोल राहिला तर कागद चांगला, कडेला केसासारखे तंतू फुटले तर दुसरा दाखवा म्हणते. दुकानदार हसत हसत आणखी दोन गठ्ठे काढतात. रंग मागे उमटतो, तो कागदाचा दोष नाही, अल्कोहोल मार्कर असेच वागतात. म्हणून चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवून, कापून मग पाकिटावर लावायचं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशोबही धरायला हवा. पारा ४५च्या पुढे गेला की अल्कोहोल बघता बघता उडतं आणि मिसळायला वेळच मिळत नाही. मे महिन्यात मी एका वेळी छोटा भाग घेते, आधी पानपाकळीएवढी जागा पूर्ण करते, मग पुढची. पंखा थेट कागदावर नको. कूलरसमोर तर बसूच नका, त्या दमट हवेत कार्ड सादळतं आणि रंग हवा त्यापेक्षा जास्त पसरतो. पावसाळ्यात कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवते. खिडकी मात्र थोडी उघडी असावी, वास डोक्यात जातो, आणि ही शाई ज्वालाग्राही आहे, देवघरातल्या निरांजनाजवळ काम मांडू नये.

रंग पुढे पसरतो हे लक्षात ठेवून रेघेच्या किंचित अलीकडे थांबायचं. कडेपर्यंत तो स्वतःच पोचतो. बिनरंगी ब्लेंडर पेन पुष्कळांना खोडरबर वाटतो, पण त्यानं रंग पुसत नाही, बाजूला ढकलला जातो. फिका काठ करायला तो छान. पहिल्या खरेदीत नसला तरी चालतं.

भाचीनं शेवटी करडे तीन, लाल तीन, त्वचेचे तीन, चाकांसाठी तपकिरी दोन आणि एक पिवळा घेतला. पुढच्या महिन्यात केशरी गट घेईन म्हणते, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारा संत्रा रंगवायला. त्यात हिरवट पिवळाही घे, असं मी तिला सांगून ठेवलंय, कारण तो संत्रा देठापाशी हिरवाच असतो. पेन तिनं डब्यात आडवे ठेवलेत. दोन्ही टोकांना शाई सारखी पोचते, तेच बरोबर आहे.